शून्याची वही

सिंकातच्या पुढे तीन खिंडी ओलांडल्या
की रूळ संपत नाहीत,
वाळूखाली जातात.
तिथे माझ्या बापाने, ओशेकने,
एकतीस वर्षं पाऊस मोजला.
म्हणजे रोज सकाळी आठ वाजता
तांब्याचं नरसाळं उचललं
आणि आत पाहिलं.

त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते.
आकडे म्हणजे मुख्यतः एकच.
पानामागून पान
शेळीच्या लेंड्यांसारखी गोल गोल ओळ,
पाण्याच्या वासावर कुठेतरी निघालेली.

फेब्रुवारीत समुद्राकडून धुकं चढे.
बाभळीच्या काट्याकाट्यावर थेंब,
नरसाळं ओलं, बाटली कोरडी.
त्यासाठी खात्याने वेगळी खूण दिली होती.
ती काढण्याआधी बाप
पेनाचं टोक सदऱ्याला पुसून घ्यायचा.

एकदा रात्री पत्र्यावर वाजलं.
सकाळी जातो तो करडू भांडं पाडून
सगळं पिऊन मोकळं.
बापाने त्याच्या ओल्या हनुवटीकडे पाहिलं,
हसला,
आणि शून्य लिहिलं.
"मोजलं नाही, ते लिहायचं नाही."

ओनूरची आमना ही वही मानत नसे.
"तुझी सगळी वर्षं एका तोंडाची, ओशेक.
हाक मारली तर कुठलं वळून बघेल?"
तिच्याकडे सहाचं साल होतं, पणजीने भोगलेलं,
जेव्हा पुरणारेच आधी संपले.
चामड्याचं साल:
उंटाचं खोगीर उकळून त्याचं पाणी पोरांना.
गोण्यांचं साल:
ट्रकमधून परका गहू आला,
मळायला पाणी नव्हतं,
आम्ही दाणे चावत बसलो.
आणि एक साल ज्याचं नाव ती घेत नाही.
त्या वर्षी तिचा शिंग्राय
पोर्ट सुदानच्या गोदीवर गेला.
निरोप येतात.

मग तो ऑगस्ट.
दुपारी पश्चिमेकडून धुळीची भिंत आली,
आम्ही भर दिवसा कंदील लावला.
धूळ बसली तेव्हा वर, फार वर,
डोंगराच्या पोटात गुरगुरलं तीनदा.
आमच्याकडे टिपूस नाही.
ओढ्याची वाळू मऊ म्हणून
निम्मी वस्ती त्यातच निजलेली.

रात्री आवाज आला.
बाप उठून बसला. म्हणाला, "गाडी."
सतरा वर्षांनी गाडी.
सवयीने त्याने खुंटीवरचं हिरवं निशाण घेतलं
आणि दारात उभा राहिला,
तेवढ्यात आमना किंचाळली.

पाणी आधी दगड घेऊन आलं, मग झाडं, मग पाणी.
रूळ पहिल्यांदाच उघडे पडले
आणि दोऱ्यासारखे पिळले गेले.
चाळीस शेळ्या. आमनाचा चटयांचा तंबू.
हदाबची दोन मुलं, ज्यांना मी
संध्याकाळी ओरडले होते.
पर्जन्यमापक, चौथऱ्यासकट.

सकाळी आठ वाजता बाप
त्या खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिला.
वही उघडली. बराच वेळ उघडी ठेवली.
मिटली.
वहीत एकही शून्य गळालेलं नाही,
तो दिवस तेवढा कोरा आहे.
खात्याच्या हिशेबात त्या तारखेला
आमच्या डोंगरात पाऊस पडलेला नाही.

आता नरसाळं प्लास्टिकचं आहे,
आणि बघते मी.

आमच्यात वाटसरू आला की
आधी त्याला बसवतात, आल्याची कॉफी देतात,
मग सकनाब विचारतात:
कुठे पडला, कुठे हिरवं आहे, कोण गेलं.
इथे खोटं बोलणारा चोरापेक्षा हलका.
परवा एक उंटवाला आला, अर्काविटकडचा.
तिसरा पेला संपवून म्हणाला,
"तुमच्याकडे काय?"
मी म्हटलं, "शून्य."
"ते दिसतंय," तो म्हणाला. "काय चाललंय?"

त्या दिवसापासून आकड्यापुढे जागा उरते तिथे
बारीक अक्षरात लिहिते.
शून्य. धुकं दहापर्यंत टिकलं.
शून्य. आमनाची तांबडी शेळी व्याली, दोन.
शून्य. हदाब आज ओढ्याकडे तोंड करून बसला.

खात्याने पान परत पाठवलं:
अनावश्यक मजकूर.

आठ वाजत आले.
रात्री काहीतरी वाजल्यासारखं झालं होतं,
करडू बांधलेलं आहे.